मोट तीच, पाट रुंद



विहिरीवर मोट चालताना ज्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे, अशी माणसे आता गावोगावी थोडीच उरली. बैल धावेवरून उताराला लागले की मोट भरून वर यायची, थारोळ्यात रिकामी व्हायची आणि तिथून पाणी पाटाने मळ्यात जायचे. बैल मागे सरकत परत येईपर्यंत थारोळ्यात नवे पाणी नाही. थारोळ्यात साठलेले तेवढे पाटातून वाहायचे, मग पाट ओसरायचा, मग पुन्हा लोट यायचा. आता एखाद्या शेतकऱ्याने खर्च करून पाट दुप्पट रुंद केला, तर वाफे दुप्पट भिजतील का? तुम्ही हसाल. मोट तीच, बैल तेच, धाव तीच. मग पाणी वाढेल कुठून?

जी गोष्ट विहिरीच्या काठावर पोराटोरांना कळते, तीच संगणकाच्या दुकानात भल्याभल्यांना कळत नाही. मलाही कळली नव्हती.

२०१० साली मी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत शिकवीत होतो. शाळेत एक संगणक होता, तीन-चार वर्षांचा. सकाळी कळ दाबावी, मुलांची प्रार्थना उरकून यावे, तोवर त्याचा पडदा जेमतेम कामाला लागलेला असायचा. त्यातून भारनियमन. वीज आली की संगणक सुरू करायचा आणि तो तयार होईतो अर्धा तास संपायचा. गावाने लोकवर्गणी काढली. वर्गणी देणाऱ्यांत ऊसतोडीवरून परतलेली माणसे होती, हे मुद्दाम सांगतो, कारण त्या पैशाची किंमत त्यामुळे कळेल. शहरातल्या एका दुकानदाराने सांगितले, "सर, तुमची जोडणी जुनी आहे, ३०० ची. आता ६०० ची आली आहे. मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क बदला, वेग दुप्पट." आम्ही बदलले. कळ दाबली. प्रार्थना झाली, परिपाठ झाला, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच होते. फरक पडला असेल तर एका जांभईएवढा.

शाळा समितीतले एक वृद्ध आबा बाजूला बसले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "पाट रुंद कया गुरुजी, पन मोट तं तीच शे ना!"

आबांना हार्ड डिस्क कशी असते ते ठाऊक नव्हते. पण त्यांनी दोष अचूक दाखवला होता. तो कसा, ते समजायला जरा मागे जावे लागेल.

हार्ड डिस्क हे यंत्र १९५६ सालचे. अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीने त्या वर्षीच्या सप्टेंबरात रॅमॅक नावाचा संगणक जाहीर केला. त्यासोबत माहिती साठवणारे एक कपाट होते. कपाट म्हणतो ते उगाच नव्हे. वजनाला ते टनाच्या वर भरे. आत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकाच आसावर फिरत आणि त्यांवर लोहचुंबकी लेप असे. या सगळ्या पसाऱ्यात मावत ती ५० लाख अक्षरे. वाचणारे शीर्ष एका दांडीवर बसवलेले होते. ते हव्या त्या तबकडीपर्यंत वर-खाली जाई, मग आत शिरे. हवी ती जागा गाठायला सरासरी ६०० मिलिसेकंद, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागे. एकदा जागा सापडली की सेकंदाला सुमारे ८,८०० अक्षरे वाचली जात.

हे दोन आकडे लक्षात ठेवा. एक जागा गाठण्याचा, दुसरा जागा गाठल्यावर वाचण्याचा. आपला सगळा इतिहास या दोन आकड्यांच्या शर्यतीचा आहे.

त्या काळी आपल्याकडे काय होते, असे कोणी विचारील. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीयांनी बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कामाला लागला. त्याला माहिती द्यायची ती भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून. यंत्राचे गणित भराभर चाले आणि पट्टी आपली सावकाश सरकत राही. दुखणे तेव्हापासूनचेच आहे; नावे तेवढी बदलली.

पुढे तबकड्या लहान झाल्या. १९८० साली सीगेट कंपनीने घरगुती संगणकात बसेल अशी ५ मेगाबाइटची डिस्क काढली. १९८६ च्या सुमारास आयडीई नावाची जोडणी आली. जोडणी म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधला रस्ता. यालाच तंत्रज्ञ इंटरफेस म्हणतात. आपल्या मोटेच्या भाषेत हा पाट. ४० तारांची ती राखाडी, चपटी पट्टी जुना संगणक उघडलेल्या शिक्षकांना आठवत असेल.

मग या पाटाच्या रुंदीकरणाचा सपाटा सुरू झाला. आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, त्या सुमारास नव्या संगणकांत सेकंदाला ३३ मेगाबाइट नेणारी जोडणी असे. पाठोपाठ ६६ आली आणि तिच्यासाठी पट्टीतल्या तारा ४० च्या ८० झाल्या. २००० साली १००, २००१ मध्ये १३३. २००३ साली रुंद पट्टी जाऊन सात टोकांची बारीक साटा तार आली, तिची क्षमता १५०. मग ३००. आणि २००९ साली ६००. अकरा वर्षांत पाट अठरा पट रुंद!

आणि मोट? १९९८ ची साधारण डिस्क तबकडीवरून सलग वाचताना सेकंदाला दहा-पंधरा मेगाबाइट देई. २००१ साली, १३३ चा पाट आला तेव्हा, ती चाळीसच्या आसपास पोहोचली होती. २००९ साली ६०० चा पाट आला तेव्हा शंभर-सव्वाशे. म्हणजे कोणत्याही वर्षी पाहा, पाट मोटेपेक्षा दोन-तीन पट रुंद होताच. तो आणखी रुंद केल्याने वाफ्यात जास्त पाणी कसे यावे?

पण हेही सलग वाचनाचे झाले. खरी गोम पुढेच आहे. संगणक सुरू होताना एक मोठी फाइल सलग वाचत नसतो. तो हजारो बारीकसारीक फाइली वाचतो आणि त्या तबकडीवर इकडेतिकडे विखुरलेल्या असतात. तलाठ्याला एकाच घरातून शंभर कागद आणायचे असतील तर एक खेप पुरते. शंभर पाड्यांवरून एकेक कागद आणायचा असेल तर? अक्राणीच्या डोंगरात फिरलेल्या माणसाला याचे उत्तर सांगायला नको.

शिक्षकांनी हे गणित फळ्यावर जरूर मांडावे. सातवी-आठवीच्या मुलाला जमण्याजोगे आहे. डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा शीर्षाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडे अधिक. शीर्षाला योग्य वर्तुळावर सरकायला साधारण ९ मिलिसेकंद. बेरीज १३. आता ४ किलोबाइटचा एक तुकडा ३०० च्या तारेतून जायला सुमारे १४ मायक्रोसेकंद लागतात आणि ६०० च्या तारेतून ७. वाचले किती? सात मायक्रोसेकंद. आणि एकूण काम किती? तेरा हजार मायक्रोसेकंदांचे!

समजा, संगणक जागा होताना असे १०,००० तुकडे एकामागून एक मागतो. तबकडीला त्यासाठी १३० सेकंद लागतील. दुप्पट वेगाच्या तारेने त्यातून वाचवले सेकंदाचे सात शतांश. आमच्या गावची लोकवर्गणी त्या सात शतांशांसाठी खर्ची पडली होती. दुकानदार खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. तार खरेच दुप्पट वेगाची होती. त्याने पाटाचे माप सांगितले आणि आम्ही ते पाण्याचे माप समजलो.

आता ते दोन आकडे पुन्हा काढा. १९५६ मध्ये जागा गाठायला ६०० मिलिसेकंद लागत, २००९ मध्ये १३. सुधारणा साधारण ४५ पट. वाचण्याचा वेग सेकंदाला ८,८०० अक्षरांवरून १० कोटींवर गेला. ही वाढ अकरा हजार पटींहून अधिक. चुंबकी लेप सुधारला, अक्षरे दाटीने बसू लागली, म्हणून वाचन वाढले. पण दांडी सरकवणे आणि तबकडी फिरवणे ही लोखंडाची कामे. त्यांना ओझे आहे, घर्षण आहे, थरथर आहे. बैलाला तुम्ही कितीही पेंड चारा, तो घोड्यासारखा पळणार नाही.

मग इतक्या जोडण्या काढल्याच कशाला, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तरही आहे. डिस्कमध्ये एक लहानसे थारोळे असते, त्याला कॅश म्हणतात. वाचलेली माहिती तिथे क्षणभर साठते आणि तेवढा लोट खरोखर पाटाच्या पूर्ण वेगाने वाहतो. दुकानातली चाचणी पुष्कळदा या लोटावरच दाखवतात. शिवाय जुन्या चपट्या पट्टीवर दोन डिस्का जोडता येत. दोन मोटा एकाच पाटावर आल्या की रुंदीला थोडा अर्थ येई. साटा तारेसोबत आणखी एक सोय नावारूपाला आली: डिस्क पुढ्यातल्या मागण्या आल्या त्या क्रमाने न घेता वाटेतल्या सोयीने घेऊ लागली. आपला पोस्टमन पत्रे आली त्या क्रमाने वाटत नाही, गल्लीच्या क्रमाने वाटतो, तसेच हे. याचा फायदा होता; पण तो शहाणपणाचा होता, तारेच्या जाडीचा नव्हे.

एका ठिकाणी मात्र पाट खरोखरच अरुंद होता, आणि हे सांगितले नाही तर मी एकांगी बोललो असे होईल. बाहेरून यूएसबीने जोडायची डिस्क घ्या. यूएसबीची पहिली पिढी सेकंदाला जास्तीत जास्त दीड मेगाबाइट नेई. २००० साली दुसरी आली. ती प्रत्यक्षात तीस-पस्तीस मेगाबाइट देई, आणि आतली डिस्क शंभर द्यायला तयार! इथे मोट मोठी आणि पाट लहान. २००८ साली तिसरी यूएसबी ठरली, जिचे तोंड पुष्कळदा आतून निळे असते, आणि अडलेले पाणी मोकळे झाले. स्नेहसंमेलनाची १६ गिगाबाइटची छायाचित्रे जुन्या तोंडातून उतरवायला आठ मिनिटांच्या वर लागत असतील, तर निळ्या तोंडातून तीन मिनिटांच्या आत उतरतात. तेव्हा जोडणी बदलून कधीच फायदा होत नाही असे नाही. अडते कुठे, ते आधी पाहायचे.

आमची फजिती झाली त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात एक मोठी घटना घडली. २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली या गावात पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि श्रीमती सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. बारा आकड्यांचा तो क्रमांक आज घरोघरी आहे. त्याची सुरुवात आपल्या मातीत झाली, हे मुलांना सांगताना अजूनही बरे वाटते.

या कामात संगणकाचा कोणता भाग सर्वांत सावकाश होता, याचा विचार करून पाहा. माणसाच्या दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांतल्या बुबुळांचे चित्र, चेहऱ्याचे छायाचित्र, नाव-गाव. कुदळ-विळा चालवून ज्यांची बोटे झिजली आहेत, त्यांचा ठसा यंत्राला पटकन उमटत नाही. पुन्हा बोट ठेवा, पुसून ठेवा, जरा दाबून ठेवा. नाव टंकताना शुद्धलेखन विचारा. वीज गेली तर थांबा. या दहा-पंधरा मिनिटांत हार्ड डिस्कचा वाटा पळभराचा. पुढे ती माहिती केंद्रात गेल्यावर खरे अवघड काम: नव्या माणसाचे ठसे आधी नोंदलेल्या सगळ्यांच्या ठशांशी ताडून पाहायचे, म्हणजे एकाला दोन क्रमांक मिळू नयेत. नोंदी वाढतील तसे हे ताडणे वाढत जाणार. ते अनेक संगणकांच्या गणिती शक्तीचे काम. गावातल्या लॅपटॉपची तार दुप्पट वेगाची केली असती, तर टेंभलीतल्या रांगेतला एकही माणूस लवकर घरी गेला नसता.

ही गोष्ट १९६७ साली जीन ॲमडाल नावाच्या संगणकतज्ज्ञाने नियमासारखी मांडून ठेवली आहे. शंभर मिनिटांच्या कामात पाच मिनिटे एका पायरीची असतील, तर ती पायरी कितीही वेगवान करा, अगदी शून्यावर आणा, तरी काम पंचाण्णव मिनिटांच्या खाली येणार नाही. आबांनी ॲमडाल वाचला नव्हता, इतकेच.

मग मोट बदलली की नाही? बदलली. आणि कशी बदलली! आमच्या शाळेत ती तार आली त्याच्या आधीच, २००८ च्या सुमारास, सामान्य ग्राहकाला घेता येतील अशा एसएसडी बाजारात येऊ लागल्या होत्या. महाग होत्या, म्हणून आमच्यापर्यंत त्यांचे नावही पोहोचले नव्हते. यात तबकडी नाही, दांडी नाही, फिरणे नाही. पेनड्राइव्हमध्ये असते तशा चिपेत माहिती. कोणतीही जागा गाठायला १३ मिलिसेकंदांऐवजी एका मिलिसेकंदाचा सुमारे दहावा भाग. मघाचे १०,००० तुकडे आठवा: १३० सेकंदांचे काम एका सेकंदावर आले. मोटेच्या जागी विजेचा पंप बसला म्हणा ना.

पंप बसला आणि पाट खरोखरच तोकडा पडू लागला. ६०० च्या साटा तारेतून ५५० मेगाबाइटच्या पुढे पाणी जाईना. मग २०११ साली एनव्हीएमई नावाची नवी पद्धत ठरली. तिच्यात डिस्क तारेने न जोडता मदरबोर्डाच्या जलद मार्गावरच बसते. त्यातून आधी साडेतीन हजार, मग सात हजार, आणि आता चौदा हजार मेगाबाइटपर्यंतच्या डिस्का निघाल्या आहेत. चित्रपटाचे संकलन करणाऱ्याला, मोठाल्या फाइली हलवणाऱ्याला याचा चांगला उपयोग होतो. पण शाळेच्या संगणकाला? साध्या एसएसडीवरून या नव्या डिस्कवर गेलात, तर संगणक सुरू होण्यात एक-दोन सेकंदांचा फरक पडावा. कारण विखुरलेले लहान तुकडे एकेक करून वाचताना सात हजारांची डिस्कही सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास किंवा त्याहून कमीच देते. आणि पाणी भरपूर आले की अडचण सरकते पुढे: आलेली माहिती उलगडणारा प्रोसेसर, तोकडी स्मृती, इंटरनेटची वाट. वाफ्यातली जमीन पाणी पिईल तेवढेच पिणार.

आता कामाचे बोलू. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार संपला. त्यामुळे पुष्कळ शाळांत जुने संगणक भंगारात काढण्याची भाषा चालू झाली आहे. त्यांतल्या कित्येकांत अजून फिरती तबकडी आहे आणि जोडणी ३०० ची आहे. मुख्याध्यापकांनी भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एकदा झाकण उघडून पाहावे. जोडणी जुनी आहे, म्हणून नवी एसएसडी बसवून उपयोग नाही, असे कोणी सांगितले तर त्याला वरचे गणित दाखवावे. ३०० च्या जुन्या तारेवरही जागा गाठण्याचा वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपासच राहतो. सलग वाचन तेवढे ३०० च्या आत अडते, आणि शाळेला त्याचे दुःख नाही. सोबत स्मृती म्हणजे रॅम निदान ४ गिगाबाइट आहे का ते पाहावे. ८ असली तर उत्तम. रॅम अपुरी असली की संगणक डिस्कवर सारखे हेलपाटे घालतो. त्यावर लिनक्ससारखी मोफत आणि आजही सांभाळली जाणारी प्रणाली बसवली, तर मराठी टंकलेखन, गणिताचे खेळ, परिपाठाचे चित्र यांसाठी तो संगणक आणखी काही वर्षे चालेल. महत्त्वाच्या कामाच्या फाइलींची दुसरी प्रत मात्र वेगळी ठेवावी. एसएसडी बिघडते तेव्हा तबकडीसारखी कुरकुर करून आधी सूचना देईलच असे नाही.

आमच्या शाळेतही पुढे असेच झाले. काही वर्षांनी एसएसडी स्वस्त झाल्यावर एक घेतली आणि त्याच मदरबोर्डाला, त्याच ६०० च्या तारेला लावली. मुले प्रार्थनेला उभी राहायच्या आत पडदा तयार. आबा तोवर थकले होते, शाळेत येणे होत नसे. पण निरोप पाठवला, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, की आता बैलांचे काय केले.

बैल म्हणजे ती जुनी डिस्क. तिचे स्क्रू काढून आम्ही ती विज्ञानाच्या कपाटात ठेवली आहे. तबकडी आरशासारखी लख्ख आहे आणि मुली तिच्यात वेणी नीट आहे का ते पाहतात. बोटाने ढकलली की ती दांडी अजूनही आत-बाहेर सरकते.